एक विमान, दोन स्क्वाड्रन आणि सात-सात नावे

लंडनच्या उत्तर भागात, हेंडनला, ब्रिटिश हवाई दलाचे संग्रहालय आहे. तिथल्या लँकेस्टर जातीच्या बॉम्बफेकी विमानाचा क्रमांक आहे आर ५८६८. त्याच्या नाकाजवळ छोट्या पिवळ्या बॉम्बच्या आकृत्यांच्या रांगा रंगवलेल्या आहेत. एक आकृती म्हणजे शत्रूच्या मुलखावर जाऊन परत आलेली एक मोहीम. या विमानाच्या नावावर १३७ मोहिमा जमा आहेत. जर्मन राइशच्या भूमीवरून शत्रूचे एकही विमान उडू शकणार नाही, अशी बढाई जर्मन हवाई दलाचा प्रमुख हर्मन गोअरिंग याने मारली होती. ती बढाई जमिनीवरच्या कामगारांनी त्याच्या नावासकट याच विमानाच्या नाकावर रंगवली. धडावर मोठ्या अक्षरांत ‘पीओ’ आणि ‘एस’ लिहिले आहे.

एकूण ७,३७७ लँकेस्टर बांधली गेली आणि त्यांतली सुमारे निम्मी नष्ट झाली. सर्वाधिक मोहिमा केलेले ईडी ८८८ हे विमान १४० मोहिमांनंतरही वाचले होते, पण १९४७ मध्ये ते मोडीत काढण्यात आले. आर ५८६८ मात्र टिकले. ते आधी स्कॅम्प्टनच्या तळावर प्रवेशद्वाराशी उभे होते, १९७२ मध्ये ते हेंडनला आले. विमान टिकले, पण त्यातून उडालेली माणसे एकच नव्हती. त्याने दोन स्क्वाड्रनमध्ये नोकरी केली आणि अनेक चमू त्याच्यात बसून गेले. एका वेळी सात माणसे असत. त्यांतली काही पुढे दुसऱ्या विमानातून गेली आणि परतली नाहीत. स्क्वाड्रनचे चिन्ह, धडावरची अक्षरे, नाकावरची चित्रे या सगळ्यांतून वाट काढत त्या त्या रात्रीच्या सात नावांपर्यंत पोहोचणे हे बॉम्बफेकी दलाच्या अभ्यासकाचे खरे काम आहे. हे काम मन लावून करण्याजोगे का आहे, ते या एका विमानाच्या कहाणीतून उमगते.

राजाच्या सहीची चिन्हे

पहिल्या महायुद्धापासून ब्रिटिश हवाई दलाच्या स्क्वाड्रन आपापल्या मर्जीने चिन्हे रंगवत आल्या होत्या. कुणी प्राणी घेतला, कुणी अक्षरे, कुणी नुसते रंगांचे पट्टे. त्यात शिस्त आणायचे हवाई मंत्रालयाने १९३० च्या दशकाच्या मध्याला ठरवले. घराण्यांची आणि शहरांची मानचिन्हे ठरवणाऱ्या ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ या जुन्या संस्थेतील अधिकारी जॉन हीटन-आर्मस्ट्राँग यांना हवाई दलाच्या मानचिन्हांचे निरीक्षक नेमण्यात आले. चौकट सर्वांना एकच ठरली. वर राजमुकुट, मध्ये स्क्वाड्रनचा क्रमांक असलेले गोल कडे, खाली ब्रीदवाक्याची पट्टी. कड्याच्या आतले चित्र तेवढे स्क्वाड्रनचे स्वतःचे. १९३६ पासून प्रत्येक मंजूर चित्रावर राजाची सही होऊ लागली.

या चित्रांत स्क्वाड्रनची पूर्वपीठिका साठवलेली असते. रात्री उडणाऱ्या ९ स्क्वाड्रनचे चिन्ह वटवाघूळ होते, ५८ चे घुबड. १०१ स्क्वाड्रनच्या चिन्हात बुरुजाच्या तटावरून डोकावणारा सिंह आहे. यंत्रशक्तीने फिरणारा बंद तोफ-मनोरा असलेली विमाने पहिल्यांदा त्यांच्याकडे आली, त्याची ती खूण. ६१ स्क्वाड्रनने लिंकनच्या कॅथीड्रलमधल्या कोरीव खट्याळ भुताला आपले केले, कारण तिचे तळ त्याच परगण्यात होते. न्यूझीलंडच्या माणसांच्या ७५ स्क्वाड्रनने माओरी ‘टिकी’ची आकृती घेतली आणि ब्रीदवाक्यही माओरी भाषेतले ठेवले.

६१७ स्क्वाड्रनचे चिन्ह सर्वांत गाजले. १६ मे १९४३ च्या रात्री तिची १९ लँकेस्टर जर्मनीतील धरणे फोडायला निघाली. त्यांतली ८ परत आली नाहीत. गेलेल्या १३३ जणांपैकी ५३ मारले गेले आणि ३ कैद झाले. २७ मे रोजी राजे सहावे जॉर्ज स्कॅम्प्टनला आले, तेव्हा त्यांच्यापुढे चिन्हाचे आराखडे ठेवण्यात आले. त्यांनी फुटलेल्या धरणाचे चित्र निवडले. जी स्क्वाड्रन मार्चमध्ये स्थापन झाली होती, तिला मेअखेर स्वतःचे चिन्ह मिळाले. ज्यांच्या पराक्रमावरून ते काढले गेले, त्यांतल्या ५३ जणांना ते कधी दिसलेच नाही. स्क्वाड्रन तेच चिन्ह पुढे वर्षानुवर्षे मिरवते, आणि ज्यांनी ते कमावले ते आरंभीच गेलेले असतात. इतर स्क्वाड्रनच्या बाबतीतही हे अंतर कमी-अधिक असतेच.

अक्षरांची भाषा

युद्धात उडणाऱ्या विमानावर हे राजमान्य चिन्ह शक्यतो रंगवत नसत, कारण स्क्वाड्रनची ओळख शत्रूला द्यायची नव्हती. त्याऐवजी सांकेतिक अक्षरे असत. पहिली दोन अक्षरे स्क्वाड्रनची, तिसरे त्या विमानाचे. ‘ओएल’ म्हणजे ८३ स्क्वाड्रन, ‘पीओ’ म्हणजे ४६७, ‘एजे’ म्हणजे ६१७. एखाद्या पिवळ्या पडलेल्या छायाचित्रात धडाचा थोडासाच भाग दिसत असला, तरी दोन अक्षरे वाचता आली की शोधाचा पहिला दरवाजा उघडतो.

पण विमानाचे अक्षर फसवते. विमान हरवले की त्याच्या जागी आलेल्या नव्या विमानाला पुष्कळदा तेच अक्षर मिळे. त्यामुळे एकाच स्क्वाड्रनमध्ये एका अक्षराची अनेक विमाने एकामागून एक होऊन गेली. खात्रीची ओळख पटते ती शेपटीजवळ लिहिलेल्या क्रमांकाने. आर ५८६८ हा क्रमांक या विमानाला जन्मापासून चिकटलेला होता. अक्षरे मात्र स्क्वाड्रनबरोबर बदलली.

माणसांच्या अंगावरही खुणा असत. वैमानिकाच्या गणवेशावर पूर्ण पंख, बाकीच्यांच्या गणवेशावर एकच पंख आणि त्याच्या मुळाशी कामाचे अक्षर. युद्धाच्या सुरुवातीला ‘ओ’ अक्षराचा ‘ऑब्झर्व्हर’ दिशा शोधण्याचे आणि बॉम्ब टाकण्याचे अशी दोन्ही कामे करी. १९४२ मध्ये ही कामे वेगळी झाली आणि नॅव्हिगेटरला ‘एन’, बॉम्ब टाकणाऱ्याला ‘बी’, फ्लाइट इंजिनिअरला ‘ई’ अशी अक्षरे मिळाली. म्हणून छायाचित्रातला पंख पाहून त्या माणसाचे काम कळते आणि पुष्कळदा प्रशिक्षणाचा काळही.

लँकेस्टरमध्ये सात जण असत. वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेस ऑपरेटर आणि दोन तोफची, एक पाठीवरच्या मनोऱ्यात आणि एक शेपटीत. यांतले बहुतेक जण एकमेकांना वरिष्ठांच्या हुकमाने मिळत नसत. प्रशिक्षण तळावर सर्वांना एका मोठ्या हँगरमध्ये सोडत आणि आपापला चमू जमवायला सांगत. कुणाची बोलण्याची पद्धत आवडली, कुणाच्या डोळ्यांत विश्वास दिसला, एवढ्यावर लोक एकत्र येत आणि पुढचे आयुष्य, मग ते कितीही छोटे असो, एकमेकांवर सोपवत. कॅनडाचा शेतकरी, यॉर्कशायरचा कारकून, सिडनीचा विद्यार्थी असे एका विमानात येत. बहुतेकांचे वय विशीच्या आतबाहेर असे.

शिंगाच्या चिन्हाखाली

आर ५८६८ जून १९४२ अखेर स्कॅम्प्टनला ८३ स्क्वाड्रनकडे आले. अक्षर मिळाले ‘क्यू’. जुलैच्या सुरुवातीला विल्हेल्म्सहाफेनवर त्याची पहिली मोहीम झाली. ८३ स्क्वाड्रनच्या चिन्हात हरणाचे सहा टोकांचे शिंग आहे. पहिल्या महायुद्धात तिच्या सहा जणांना मिळालेल्या शौर्यपदकांची ती आठवण.

या चिन्हाखालची माणसे युद्धाच्या पहिल्या दिवसापासून लढत होती. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाल्यावर काही तासांतच तिची हॅम्पडन विमाने उत्तर समुद्रावर निघाली. त्यांतल्या एका वैमानिकाचे नाव होते गाय गिब्सन. धरणांवर गेलेल्या मोहिमेचे नेतृत्व पुढे त्याच्याकडेच आले. १५ सप्टेंबर १९४० च्या रात्री अँटवर्पवरून परतताना याच स्क्वाड्रनच्या एका हॅम्पडनला आग लागली. दोघांनी उड्या टाकल्या. १८ वर्षांचा वायरलेस ऑपरेटर जॉन हॅना मात्र आत राहिला. आग विझवणारी साधने संपल्यावर हातातल्या वहीने ज्वाळा झोडपत त्याने आग आटोक्यात आणली आणि विमान घरी पोहोचले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भाजलेल्या शरीराला नंतर क्षयाने ग्रासले आणि १९४७ मध्ये तो गेला.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘पाथफाइंडर’ दल उभे राहिले. ऑस्ट्रेलियन अधिकारी डॉन बेनेट त्याचे प्रमुख झाले. मुख्य ताफ्याच्या आधी लक्ष्यावर पोहोचून रंगीत प्रकाशगोळ्यांनी जागा दाखवून देणे हे त्याचे काम. ८३ स्क्वाड्रनची निवड पहिल्या तुकड्यांत झाली आणि आर ५८६८ तिच्याबरोबर स्कॅम्प्टनहून वायटनच्या तळावर गेले. इतर स्क्वाड्रनमध्ये ३० मोहिमांनी पहिली पाळी संपे. पाथफाइंडरची पाळी सलग ४५ मोहिमांची असे. गणवेशावर, पदकांच्या फितींखाली लावायला त्यांना सोनेरी गरुडाचे चिन्ह मिळे. जुन्या घरगुती छायाचित्रात तो छोटा गरुड दिसला, की तो माणूस पाथफाइंडर होता हे ठरते आणि शोध मोजक्या स्क्वाड्रनपुरता उरतो.

याच काळातल्या ८३ स्क्वाड्रनच्या नोंदींत मराठी वाचक थबकेल असे एक आडनाव आहे. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. ते नॅव्हिगेटर होते. पाथफाइंडरच्या विमानात नॅव्हिगेटरच्या हिशेबावर पुढचे सगळे अवलंबून असे. अंधारात, पडद्याआडच्या छोट्या टेबलावर, वाऱ्याचा वेग आणि दिशा सतत नव्याने काढत, ठरल्या मिनिटाला ठरल्या जागी विमान नेणे ही त्यांची जबाबदारी. त्यांची पाच मिनिटे चुकली तर मागून येणाऱ्या शेकडो विमानांची पाच मिनिटे चुकत. सुखटणकरांच्या मोहिमांपैकी काही आज हेंडनला असलेल्या याच विमानातून झाल्या. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. लंडनला जाणारे आपले कितीतरी लोक त्या विमानासमोर उभे राहून छायाचित्र काढून घेतात. नाकामागच्या त्या अरुंद जागेत एक मराठी माणूस नकाशावर वाकून बसत होता, हे त्यांना ठाऊक असायला हवे.

शंभरावी मोहीम

सप्टेंबर १९४३ मध्ये विमान ४६७ स्क्वाड्रनकडे गेले. ही ऑस्ट्रेलियन हवाई दलाची तुकडी. धडावर आता ‘पीओ’ आणि ‘एस’ आले आणि ‘एस फॉर शुगर’ हे नाव पडले. स्क्वाड्रन आधी बॉटसफर्डला होती, नोव्हेंबरपासून वॅडिंग्टनला. तो हिवाळा बर्लिनवरच्या हल्ल्यांचा होता. नोव्हेंबरअखेरच्या एका रात्री बर्लिनजवळ ‘शुगर’ची ६१ स्क्वाड्रनच्या लँकेस्टरशी आकाशात टक्कर झाली. शेकडो विमाने दिवे विझवून एकाच वाटेने जात असताना हा धोका नेहमीचाच होता. पंख दुखावलेले विमान वैमानिकाने इंग्लंडला परत आणले. दुरुस्तीत काही महिने गेले. ज्या काळात स्क्वाड्रनची कितीतरी विमाने पडली, त्या काळात हे विमान कार्यशाळेत होते. दीर्घायुष्यात दुरुस्तीच्या त्या महिन्यांचाही वाटा आहे, आणि विमानाच्या दैवाबद्दल लिहिताना ही नोंद विसरू नये.

११ मे १९४४ च्या रात्री बेल्जियममधल्या बूर-लेओपोल्ड येथील लष्करी छावणीवर हल्ला ठरला. ‘शुगर’ची ती शंभरावी मोहीम म्हणून नोंदली गेली. विमान परतले. नाकासमोर जमलेल्या लोकांची छायाचित्रे निघाली. गोअरिंगची बढाई आणि खाली बॉम्बच्या रांगा असलेली ती चित्रे वर्तमानपत्रांतून जगभर गेली.

त्याच रात्री, त्याच लक्ष्यावर गेलेले ४६७ स्क्वाड्रनचे प्रमुख ग्रुप कॅप्टन जॉन बामर परतले नाहीत. ते आणि त्यांचा चमू मारला गेला. जल्लोषाच्या छायाचित्रातले चेहरे आणि त्याच दिवशी बेपत्ता म्हणून नोंदलेली नावे एकाच स्क्वाड्रनची, एकाच मेसमध्ये जेवणारी. छायाचित्र इतिहासाच्या पुस्तकांत वारंवार छापले जाते. रोजनाम्याचे ते पान क्वचितच कुणी उघडते. दोन्ही शेजारी ठेवली, तर वॅडिंग्टनच्या त्या सकाळचे पुरे चित्र उभे राहते.

मे १९४५ मध्ये ‘शुगर’ने मुक्त झालेल्या युद्धकैद्यांना मायदेशी आणण्याचे काम केले. ज्यांची विमाने पाडली गेली होती अशा बॉम्बफेकी दलाच्या माणसांपैकी अनेक जण त्या दिवसांत लँकेस्टरमध्येच बसून घरी आले.

हैदराबादचा वाघ

चिन्हांच्या मागे जाताना भारत पुन्हा पुन्हा भेटतो. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी हैदराबादच्या निजामांनी ११० स्क्वाड्रनला डीएच ९ए जातीची बॉम्बफेकी विमाने दिली. तेव्हापासून तिचे नाव ‘११० (हैदराबाद) स्क्वाड्रन’. तिच्या मानचिन्हात मुकुटातून वर येणारा अर्धा वाघ आहे, निजामांच्या देणगीची खूण म्हणून.

हा वाघ युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी जर्मनीच्या किनाऱ्यावर पोहोचला. ४ सप्टेंबर १९३९ रोजी वॉटिशमहून ११० ची पाच ब्लेनहाइम विमाने फ्लाइट लेफ्टनंट केनेथ डोरन यांच्या नेतृत्वाखाली विल्हेल्म्सहाफेनजवळच्या युद्धनौकांवर गेली. मागोमाग १०७ ची पाच विमाने होती. ११० चे एक आणि १०७ ची चार विमाने पडली. ब्रिटिश हवाई दलाचा या युद्धातला तो पहिला बॉम्बहल्ला. १९४२ मध्ये ११० भारतात आली. पुढे व्हेंजन्स जातीची विमाने घेऊन तिने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध मोहिमा केल्या. भारतीय पैशातून नाव मिळालेली स्क्वाड्रन चोवीस वर्षांनी भारताच्या सीमेवर लढायला आली.

इतरही होत्या. ८३ बरोबर पाथफाइंडर दलाच्या पहिल्या तुकड्यांत दाखल झालेली ३५ स्क्वाड्रन ‘मद्रास प्रेसिडेन्सी’ नावाची होती, चिन्ह पंखधारी घोड्याचे मस्तक. ‘१४९ (ईस्ट इंडिया)’ आणि ‘९९ (मद्रास प्रेसिडेन्सी)’ याही बॉम्बफेकीच. ‘१२२ (बॉम्बे)’ आणि ‘१३२ (सिटी ऑफ बॉम्बे)’ या लढाऊ स्क्वाड्रन स्पिटफायर उडवत. ही नावे भारतातून गोळा झालेल्या युद्धनिधीमुळे दिली गेली. निधीच्या याद्यांत संस्थानिकांबरोबर सरकारी नोकर, व्यापारी आणि सामान्य माणसांचीही वर्गणी होती. ती देणाऱ्यांना स्वतःच्या देशाचे राज्य मात्र मिळालेले नव्हते. ही विसंगती त्या मानचिन्हांत दिसत नाही, म्हणून ती इतिहासात लिहून ठेवायला हवी.

९९ स्क्वाड्रनचा धागा पुण्यापर्यंत येतो. युद्धाच्या शेवटी हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर तिच्याकडे केएन ७५१ क्रमांकाचे लिबरेटर विमान होते. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी भारतात बरीच लिबरेटर टाकून दिली. त्यांतली कितीतरी विमाने आपल्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी दुरुस्त करून भारतीय हवाई दलात आणली. केएन ७५१ चे एचई ८०७ झाले. ते ६ स्क्वाड्रनमध्ये सामील झाले. ही स्क्वाड्रन लोहगावच्या तळावरून समुद्रावर टेहळणी करत असे. भारतीय लिबरेटर १९६८ पर्यंत सेवेत होती. १९७४ मध्ये हे विमान भारताने ब्रिटनला भेट दिले. आज तेही हेंडनच्या संग्रहालयात आहे. ज्याला फक्त एक क्रमांक ठाऊक असेल, त्याला त्याचे अर्धेच आयुष्य सापडेल.

कागदावरून माणसापर्यंत

लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात प्रत्येक स्क्वाड्रनचा मोहीम-रोजनामा जपलेला आहे. त्याचा एक नमुना दिवसाचा सारांश सांगतो; दुसऱ्यात विमानागणिक तपशील असतो. विमानाचा क्रमांक, सातही जणांची नावे, उड्डाणाची व उतरण्याची वेळ, बॉम्बचा भार आणि चार ओळींचा अहवाल. परत न आलेल्या विमानासमोर उतरण्याची वेळ नसते. शेजारी टाइप केलेले छोटे वाक्य असते, उड्डाणानंतर काही कळले नाही, अशा अर्थाचे. टंकलेखकाने ते बर्लिनवरच्या हल्ल्यांच्या त्या हिवाळ्यात इतक्या वेळा लिहिले आहे, की पाने उलटणाऱ्याचा हात जड होतो.

याला इतर पुरावे जोडावे लागतात. प्रत्येकाच्या उड्डाणवहीत रात्रीच्या मोहिमा लाल शाईने आणि दिवसाच्या हिरव्या शाईने लिहिण्याची रीत होती. बॉम्ब टाकताना विमानाचा कॅमेरा छायाचित्र घेई आणि त्याखाली तारीख, वेळ, उंची, लक्ष्य, वैमानिकाचे नाव व स्क्वाड्रन छापलेले असे. घरात सापडलेल्या बिल्ल्याचा मुकुटही बोलतो. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत मानचिन्हांवरच्या मुकुटाचा आकार बदलला. बिल्ल्यावर जुना, कमानदार मुकुट असेल तर तो त्याआधीचा असू शकतो. राणीच्या काळातला असेल तर तो युद्धात कुणी छातीवर लावलेला असू शकत नाही. एका कागदावर विश्वास ठेवून नाव लिहायचे नाही, निदान दोन स्वतंत्र पुरावे जुळले पाहिजेत, हा नियम जुने अभ्यासक कसोशीने पाळतात.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाचे सुमारे ४२,००० लोक बेपत्ता होते. त्यांच्यासाठी एक खास शोधसेवा आधीच उभी केली होती. तिचे अधिकारी गावोगाव फिरले. पाद्री, शेतकरी, नगरपालिकेचे कारकून यांना विचारत राहिले. शेतात रुतलेल्या इंजिनावरचा क्रमांक, मशीनगनवरचा क्रमांक, सदऱ्यावरची धोब्याची खूण, बोटातली अंगठी, यांवरून त्यांनी माणसे ओळखली. २३,००० हून अधिक जणांची थडगी निश्चित झाली. ज्यांचे थडगे ठाऊक नाही अशा २०,००० हून अधिक हवाई सैनिकांची नावे रनीमीड येथील स्मारकाच्या भिंतींवर आहेत. ते १९५३ मध्ये उघडले.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यावी. युद्धसमाधीच्या दगडावर स्क्वाड्रनचे चिन्ह कोरत नाहीत. तिथे हवाई दलाचा गरुड असतो, नाव, हुद्दा, काम, तारीख आणि वय. वटवाघूळ, घुबड, शिंग, वाघ यांतले काहीही तिथे नसते. आकाशात स्फोट होऊन सारे एकत्र गेलेल्या चमूला एकच सामाईक थडगे मिळाले आहे. तिथे दगड एकमेकांना चिकटून उभे असतात. मेलेल्याला त्याच्या चिन्हाशी, विमानाशी आणि सोबतच्या सहा जणांशी पुन्हा जोडायचे तर ते कागद वाचणाऱ्यालाच करावे लागते.

खालची शहरे

बॉम्बफेकी दलातून सुमारे १,२५,००० जणांनी हवाई चमूत काम केले. त्यांतले ५५,५७३ मारले गेले. लिंकनमधील केंद्रात उंच मनोऱ्याभोवतीच्या भिंतींवर दलासाठी प्राण दिलेल्या सुमारे ५८,००० जणांची नावे कोरलेली आहेत. या आकड्यासमोर नम्र व्हावे लागते.

तसेच त्यांच्या बॉम्बखाली सापडलेल्या माणसांसमोरही. जुलै १९४३ अखेरच्या आगीच्या वादळात हॅम्बुर्गचे मोठे भाग जळाले आणि हजारो लोक तळघरांत गुदमरून मेले. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ड्रेस्डेनवर प्रकाशगोळे टाकणाऱ्यांत ८३ स्क्वाड्रन होती, शिंगाचे चिन्ह असलेली, जॉन हॅनाची. तिथल्या मृतांचा आकडा २५,००० पर्यंत असल्याचे त्या शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये ठरवले. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये या दलाचे स्मारक उभे राहायला २०१२ साल उजाडले, त्याला या प्रश्नाचे ओझेही कारण होते. चमूंचा अभ्यास करणाऱ्याला यातून सुटका नाही, आणि ती शोधूही नये. रोजनाम्यात लक्ष्याचे नाव प्रत्येक ओळीत आहे. ज्या काळजीने आपण विमानातल्या सात जणांची नावे लिहितो, त्याच काळजीने खालच्या शहराचे नाव, तारीख आणि तिथे काय झाले ते लिहिले, तरच तो इतिहास खरा ठरतो.

आपल्या घरचे कागद

१९४० मध्ये २४ भारतीय वैमानिकांची तुकडी प्रशिक्षण आणि लढाईसाठी ब्रिटनला गेली. त्याखेरीज सुखटणकरांसारखे लोक वेगवेगळ्या स्क्वाड्रनमध्ये विखुरलेले होते. ब्रिटिश नोंदींत त्यांची आडनावे कधी चुकीच्या स्पेलिंगने, कधी नुसत्या आद्याक्षरांनी येतात. तिथला अभ्यासक ती ओळखू शकत नाही. मराठी आडनाव, गाव, शाळा, कुटुंब हे धागे मराठी माणसालाच दिसतात. म्हणून या कामाचा एक भाग आपल्यालाच करायचा आहे.

मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, गोवा इथल्या कितीतरी घरांत हवाई दलात गेलेल्या आजोबांचे एखादे छायाचित्र, उड्डाणवही किंवा गणवेशावरचा पंख असेल. तो पुसून चकचकीत करू नये. छायाचित्राच्या मागचा मजकूर आधी उतरवून घ्यावा. पंखावरचे अक्षर, मुकुटाचा आकार, विमानाच्या धडावरची अक्षरे आणि शेपटीजवळचा क्रमांक टिपून घ्यावा. उड्डाणवहीची पाने तारखेसह टिपून त्या तारखांचा रोजनामा मागवावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवणारी सोबत्यांची नावे, अगदी टोपणनावेसुद्धा, लिहून ठेवावीत. त्या टोपणनावामागे दुसऱ्या कुठल्या तरी देशातले एखादे कुटुंब आपल्या माणसाबद्दलची शेवटची माहिती आजही शोधत असू शकते. चमू सात जणांचा होता. एकाचा कागद सापडला, की उरलेल्या सहांच्या घरीही काहीतरी पोहोचवता येते.